पत्ता आणि घर

चूक घडते एके ठिकाणीं आणि दिसून येते भलत्याच ठिकाणीं, हा अनुभव व्यवहारांत नवा नाहीं. कौल फुटतें आढ्याजवळ आणि पाणी गळतें भिंतीपाशीं; जमाखर्चांतील आंकडा चैत्रांत चुकतो आणि ताळा जमत नाहीं तो फाल्गुनांत. अशा वेळीं जेथें पाणी गळतें तेथेंच गिलावा लावून मोकळा होणारा गवंडी शहाणा समजला जात नाहीं. संगणकाच्या प्रोग्रॅमांतील चुका शोधणाऱ्यालाहि हाच न्याय लागू आहे. प्रोग्रॅम जेथें कोसळला तें स्थळ आणि चूक जेथें झाली तें स्थळ, यांत कधीं एका ओळीचें, कधीं हजार ओळींचें, तर कधीं दोन वर्षांचेंहि अंतर असूं शकतें. तें अंतर कमी करणें हेंच चुका शोधण्याच्या कलेचें सार होय.

ज्या भाषांतून संगणकाची मूळ यंत्रणा बांधली जाते त्या भाषांत हा प्रकार विशेष आढळतो. ‘सी’ ही त्यांतील प्रमुख भाषा. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत डेनिस रिची यांनीं १९७२ च्या सुमारास ती सिद्ध केली, आणि १९७३ मध्यें युनिक्स या कार्यप्रणालीचा गाभा तिच्यांत नव्यानें लिहिला गेला. पन्नासांहून अधिक वर्षें लोटलीं. तरी लिनक्सचा गाभा आजहि मुख्यतः याच भाषेंत आहे, आणि शाळा-कॉलेजांतून शिकविल्या जाणाऱ्या पायथन भाषेचा रूढ दुभाषाहि याच भाषेंत लिहिलेला आहे. ‘सी’च्या दीर्घायुष्याचें कारण तिचा वेग आणि तिची मोकळीक. मेमरीच्या कोणत्या कप्प्यांत काय ठेवावें आणि तें किती वेळ ठेवावें, हें ती प्रोग्रॅम लिहिणाऱ्यावर सोपविते. मोकळीक आली कीं तिच्या पाठोपाठ जबाबदारी येते. आणि पॉइंटर हें या जबाबदारीचेंच नांव आहे.

संगणकाची मेमरी म्हणजे एकाच रांगेंत मांडलेले असंख्य लहान कप्पे. प्रत्येक कप्प्यांत एक बाइट मावतो आणि प्रत्येक कप्प्याला क्रमांक असतो. हा क्रमांक म्हणजेच त्या कप्प्याचा पत्ता. दुसऱ्या एखाद्या वस्तूचा पत्ता ज्या जागेंत लिहून ठेवलेला असतो त्या जागेला पॉइंटर म्हणतात. आजच्या ६४ बिटांच्या यंत्रावर त्याला सामान्यतः ८ बाइट लागतात. पाकिटावरील पत्ता आणि त्या पत्त्यावरील घर या दोन भिन्न वस्तु आहेत, हें पोस्टमनला सांगावें लागत नाहीं. घर पडलें तरी पत्ता कागदावर तसाच राहतो; कागद फाटला तरी घर उभेंच असतें. पॉइंटरच्या बहुतेक चुका हा एवढा भेद विसरल्यामुळें होतात.

भाषेच्या लेखनपद्धतीमुळें हा भेद विसरणें सोपें झालें आहे. ‘सी’मध्यें वस्तूचा पत्ता घेण्यासाठीं ‘अँड’चें चिन्ह लावतात आणि पत्त्यावर जाऊन आंतील वस्तु पाहण्यासाठीं तारकाचिन्ह लावतात. तेंच तारकाचिन्ह पॉइंटरची घोषणा करतांनाहि वापरलें जातें. त्यांतहि गंमत अशी कीं, एकाच ओळींत दोन नांवें घोषित केलीं आणि तारका पहिल्याच नांवाला लावली, तर पहिलें नांव पॉइंटर होतें आणि दुसरें साधी संख्या राहतें. दोन्ही पॉइंटरच झाले असें समजून नवशिका पुढें जातो. म्हणून एका ओळींत एकच पॉइंटर घोषित करावा, ही संवय पहिल्या दिवसापासून लावणें हितकर आहे.

मेमरींत जागा मिळण्याच्या दोन मुख्य रीति आहेत. पहिलीला स्टॅक म्हणतात. ती लग्नाच्या मांडवासारखी आहे. एखादें फंक्शन, म्हणजे प्रोग्रॅमांतील एक स्वतंत्र कार्यभाग, सुरू झालें कीं त्याच्या वस्तूंसाठीं मांडव उभा राहतो. कार्य उरकलें कीं कोणीं न सांगतां तो उतरतो. दुसरीला हीप म्हणतात. ती धर्मशाळेसारखी आहे. तेथें खोली मागून घ्यावी लागते आणि मुक्काम संपल्यावर आठवणीनें परत करावी लागते. खोली मागण्याच्या आज्ञेला मॅलॉक आणि परत करण्याच्या आज्ञेला फ्री असें नांव आहे. मॅलॉक मागणाऱ्याच्या हातीं खोलीचा पत्ता देते. खोली शिल्लक नसेल तर ‘नल’ नांवाचा पोकळ पत्ता देते. हातीं आलेला पत्ता पोकळ आहे कीं खरा, हें पाहण्याचें काम मागणाऱ्याचें आहे.

आतां चुकांकडे, त्या ज्या क्रमानें भेटतात त्याच क्रमानें, वळणें योग्य होईल. मनुष्यानें लिहिलेला मजकूर यंत्राच्या भाषेंत उतरविणाऱ्या प्रोग्रॅमला कंपायलर म्हणतात. उतरविण्यापूर्वीं तो मजकूर व्याकरणदृष्ट्या तपासतो आणि दोष आढळल्यास काम नाकारतो. या वेळीं सांपडणाऱ्या चुका त्या कंपाइल-वेळच्या चुका. नवशिक्याला यांची फार धास्ती वाटते, कारण एकदम वीस-तीस तक्रारी पडद्यावर उभ्या राहतात. परंतु त्यांतील पुष्कळशा एकाच चुकीच्या पोटीं जन्मलेल्या असतात. एका ओळीच्या शेवटीं अर्धविराम राहिला, तर कंपायलर पुढची ओळहि त्याच वाक्याचा भाग समजून वाचूं लागतो आणि दोष पुष्कळदां पुढच्या ओळीच्या माथीं मारतो. एक महिरपी कंस मिटावयाचा राहिला, तर तक्रार थेट फाइलीच्या शेवटच्या ओळीवर येऊं शकते. म्हणून पहिली तक्रार प्रथम वाचावी; तिनें दाखविलेली ओळ आणि तिच्या आधींची ओळ, दोन्ही पाहाव्या; तेवढी एकच चूक दुरुस्त करावी आणि पुन्हां कंपाइल करावें. तीसांपैकीं पंचवीस तक्रारी आपोआप नाहींशा झाल्या तर नवल मानूं नये.

कांहीं तक्रारी नकाराच्या नसून इशाऱ्याच्या असतात. पॉइंटरच्या जागीं साधी संख्या ठेवली, किंवा एका प्रकारच्या वस्तूचा पत्ता दुसऱ्या प्रकारच्या पॉइंटरमध्यें कोंबला, तर जीसीसी हा प्रसिद्ध कंपायलर पुष्कळ वर्षें नुसता इशारा देऊन पुढें जात असे. २०२४ मध्यें निघालेल्या त्याच्या १४ व्या आवृत्तीपासून ‘सी’च्या मजकुरांतील अशा गोष्टी चुका ठरूं लागल्या, आणि वर्षानुवर्षें बिनतक्रार चाललेले कित्येक जुने प्रोग्रॅम नव्या आवृत्तींत अडूं लागले. प्रोग्रॅम बदलले नव्हते. दोष पूर्वींहि होता, तो उघड झाला इतकेंच. अशा वेळीं ‘कास्ट’ नांवाची सक्ती करून कंपायलरचें तोंड बंद करण्याचा मोह होतो. तक्रार थांबते, पण दोष जागच्या जागीं राहतो.

येथें आणखी एका जातीची तक्रार वेगळी ओळखली पाहिजे. ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ असे शब्द दिसले तर व्याकरण तपासीत बसण्यांत अर्थ नाहीं. ती तक्रार कंपायलरची नसून, तयार झालेले तुकडे सांधणाऱ्या लिंकरची असते. एखाद्या फंक्शनचें नांव जाहीर केलें आहे, पण त्याचा देह कोठें सांपडत नाहीं, असा तिचा अर्थ. एखादी फाइल किंवा ग्रंथालय जोडावयाचें राहिलें आहे काय, किंवा नांवाच्या अक्षरांत फरक पडला आहे काय, तें पाहावें.

कंपायलरनें मजकूर मान्य केला म्हणजे प्रोग्रॅम निर्दोष ठरला असें नव्हे. व्याकरणशुद्ध वाक्यहि खोटें असूं शकतें. चालत्या प्रोग्रॅममध्यें मेमरीच्या ज्या चुका होतात त्या मुख्यतः पांच प्रकारच्या आहेत. पहिली, पॉइंटर घोषित केला पण त्यांत पत्ता लिहिलाच नाहीं; मग त्या जागेंत पूर्वींचा जो कांहीं कचरा असेल तोच पत्ता समजला जातो. दुसरी, नल या पोकळ पत्त्यावर जाऊं पाहणें. तिसरी, सीमा ओलांडणें. दहा घरांच्या ओळीचे क्रमांक शून्यापासून नऊपर्यंत असतात, आणि हिशेब एकापासून करणारा दहाव्या क्रमांकाच्या, म्हणजे शेजाऱ्याच्या, घरांत शिरतो. चौथी, सोडलेल्या जागेचा पत्ता वापरणें. धर्मशाळेंतील खोली परत केल्यावर जुन्या चिठ्ठीवरून पुन्हां तेथें जाणें, तीच खोली दोनदां परत करणें, अथवा उतरलेल्या मांडवांतील जागेचा पत्ता दुसऱ्याला देणें, हे सर्व एकाच जातीचे प्रमाद. पांचवी, खोली परत करण्याचें विसरणें. तिला गळती म्हणतात. गळती लगेच नडत नाहीं, पण महिनोन्‌महिने चालणाऱ्या यंत्रांत हळूहळू सारी धर्मशाळा भरून जाते.

या पांचांपैकीं पोकळ पत्त्याची चूक त्यांतल्या त्यांत सभ्य म्हटली पाहिजे. बहुतेक यंत्रांवर कार्यप्रणाली प्रोग्रॅमला तेथल्या तेथें थांबविते आणि ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ असा शेरा मारते. बाकीच्यांचा तसा भरंवसा नाहीं. अशा प्रसंगीं काय व्हावें हें ‘सी’च्या प्रमाणग्रंथांत मुद्दामच ठरविलेलें नाहीं. प्रोग्रॅम कोसळेल, चुकीचें उत्तर देईल, किंवा बरोबर उत्तर देऊन सर्वांना निश्चिंत करील. कधीं कधीं चूक शोधण्यासाठीं छपाईची एक ओळ घातली कीं चूकच दिसेनाशी होते. कारण त्या ओळीनें मेमरींतील मांडणी थोडी सरकते आणि धक्का दुसऱ्या, निरुपद्रवी जागेला बसतो. तेवढ्यावरून ती चूक गेली असें समजणें धोक्याचें आहे.

मराठी लिहिणाऱ्याला सहज भेटणारें एक उदाहरण घ्यावें. गांवांची नांवें एका फाइलींतून एकामागून एक वाचून मेमरींत ठेवावयाचीं आहेत. ‘सी’मध्यें प्रत्येक नांवाच्या शेवटीं समाप्तीची खूण म्हणून शून्याचा एक बाइट लागतो, हें विद्यार्थ्याला माहीत आहे. म्हणून तो ‘पुणे’ या नांवासाठीं दोन अक्षरें अधिक एक असे ३ बाइट मागतो, आणि ‘रत्नागिरी’साठीं चार अधिक एक असे ५. परंतु यूटीएफ-८ या आजच्या रूढ लेखनपद्धतींत देवनागरींतील प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, आणि तेथें काना, मात्रा, वेलांटी, उकार व हलन्त हीं सर्व स्वतंत्र चिन्हें मोजलीं जातात. ‘पुणे’ यांत चार चिन्हें, म्हणजे १२ बाइट आणि समाप्तीचा एक, मिळून १३. ‘रत्नागिरी’ यांत नऊ चिन्हें, म्हणजे २७ आणि एक, मिळून २८.

३ बाइट मागून १३ बाइट लिहिले, तर पहिल्याच नांवाला प्रोग्रॅम कोसळावयास हवा. तो कोसळत नाहीं. लिनक्सवर सर्वसाधारणपणें वापरली जाणारी धर्मशाळा ६४ बिटांच्या यंत्रावर अगदीं लहान मागणीलाहि २४ बाइट वापरतां येतील एवढी खोली देते. त्यामुळें ‘पुणे’ मावतें. १९ बाइटांचें ‘नागपूर’हि मावतें. ‘रत्नागिरी’चे शेवटचे चार बाइट मात्र भिंत ओलांडून पलीकडे जातात, आणि तेथें धर्मशाळेच्या व्यवस्थापकानें पुढच्या खोलीचें माप लिहून ठेवलेलें असतें, तें पुसलें जातें. तरीहि त्या क्षणीं कांहींच होत नाहीं. यादींतील पुढचें नांव ‘सातारा’ येतें, त्यासाठीं नवी खोली मागितली जाते, व्यवस्थापक आपली वही उघडतो, त्याला माप भलतेंच दिसतें आणि तो सारें काम बंद करतो. विद्यार्थी पाहतो तों प्रोग्रॅम ‘सातारा’ या नांवाशीं मेलेला. तें नांव यादींतून काढलें तर प्रोग्रॅम चालल्यासारखाहि दिसूं शकतो. दोष रत्नागिरीचा, शिक्षा साताऱ्याला. आणि खरें पाहतां मोजण्याची रीत ‘पुणे’पासूनच चुकलेली.

अशा वेळीं अंदाज बांधीत बसण्यापेक्षां साधनें हातीं घ्यावीं. प्रथम कंपायलरचे सर्व इशारे चालू करावे आणि ओळींचे क्रमांक प्रोग्रॅममध्यें राहतील अशी आज्ञा द्यावी. मग ॲड्रेस सॅनिटायझर हें साधन जोडून प्रोग्रॅम चालवावा. गूगलमधील अभियंत्यांनीं तें तयार केलें, आणि जीसीसी व क्लँग या दोन्ही कंपायलरांत तें मिळतें. तें प्रत्येक खोलीभोंवतीं रिकामी, निषिद्ध जागा राखून ठेवतें. तिला स्पर्श होतांच प्रोग्रॅम थांबवून कोणत्या ओळीनें सीमा ओलांडली, आणि ती खोली कोणत्या ओळीनें व किती बाइटांची मागितली होती, हें सांगतें. वरील उदाहरणांत तें साताऱ्यापर्यंत, किंबहुना रत्नागिरीपर्यंतहि, जाऊं देत नाहीं. ‘पुणे’ या पहिल्याच नांवाशीं बोट ठेवतें. प्रोग्रॅम पुन्हां कंपाइल करणें शक्य नसेल तेथें २००२ पासून प्रचारांत असलेलें व्हॅलग्रिंड उपयोगीं पडतें. त्यानें प्रोग्रॅम दहापट किंवा त्याहूनहि मंद चालतो, पण गळतीचा हिशेबहि मिळतो. प्रोग्रॅम कोसळलाच असेल तर जीडीबी या साधनानें, कोणत्या फंक्शननें कोणाला बोलाविलें ती साखळी शेवटापासून मागें वाचीत जावी. दुरुस्ती मात्र लहानच असते: अक्षरें न मोजतां स्ट्रलेन या आज्ञेनें बाइट मोजावे आणि समाप्तीसाठीं त्यांत एक मिळवावा.

हा सारा काथ्याकूट केवळ विद्यार्थ्यांच्या वहींतला नाहीं. ओपन-एसएसएल या, इंटरनेटवरील गुप्त संभाषण सांभाळणाऱ्या प्रोग्रॅममध्यें मार्च २०१२ च्या आवृत्तींत एक चूक शिरली. पलीकडचा संगणक एक लहानसा मजकूर पाठवून ‘तो इतक्या लांबीचा आहे, तसाच परत धाडा’ असें म्हणे. आणि सांगितलेली लांबी खरी आहे काय हें न पाहतां अलीकडचा संगणक तितकी मेमरी उचलून देई. एका बाइटाच्या मजकुरावर जवळजवळ ६४ हजार बाइट शेजारची मेमरी बाहेर जाऊं शके, आणि त्यांत परवलीचे शब्द व गुप्त किल्ल्याहि असूं शकत. कांहींहि कोसळलें नाहीं, कोणतीहि तक्रार उमटली नाहीं. ‘हार्टब्लीड’ या नांवानें ती चूक ७ एप्रिल २०१४ रोजीं जाहीर झाली, तोंवर दोन वर्षें उलटलीं होतीं.

दुसरें उदाहरण १९ जुलै २०२४ चें. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या संरक्षक प्रोग्रॅममध्यें एका तपासणीसाठीं २१ रकाने ठरविले होते, पण प्रत्यक्षांत मूल्यें २० च पुरविलीं जात होतीं. ही विसंगति फेब्रुवारीपासून तेथें होती. एकविसावा रकाना कोणीं वाचला नाहीं तोंवर सर्व सुरळीत चाललें; जुलैंत आलेल्या नव्या माहितीफाइलीनें तो वाचावयास लावला आणि वाचन सीमेबाहेर गेलें. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणें सुमारें ८५ लाख संगणक त्यामुळें बंद पडले. रुग्णालयें आणि बँका अडल्या, विमानें रद्द झालीं, आणि भारतांतहि कित्येक प्रवाशांच्या हातीं हस्तलिखित बोर्डिंग पास पडले.

चुकीचें स्थळ आणि तिच्या दर्शनाचें स्थळ यांतील हें अंतर भाषेच्या घडणींतच तोडतां येईल काय, या विचारांतून निघालेली अलीकडची भाषा म्हणजे ‘रस्ट’. ग्रेडन होअर यांनीं २००६ मध्यें तिला आरंभ केला, मोझिला संस्थेनें तिला आश्रय दिला, आणि तिची पहिली स्थिर आवृत्ति १५ मे २०१५ रोजीं निघाली. या धर्मशाळेचे नियम कडक आहेत. प्रत्येक खोलीला एका वेळीं एकच मालक. मालकी दुसऱ्याला दिली कीं पहिल्याचा हक्क संपला. पाहण्यासाठीं खोली एकाच वेळीं अनेकांना उसनी देतां येते; पण आंत फेरफार करावयाचा असेल तर एकट्यालाच, आणि तेवढ्या वेळांत दुसऱ्या कोणालाहि नाहीं. मालक गेला कीं खोली आपोआप परत होते.

हे नियम मोडले तर कंपायलर काम नाकारतो आणि तक्रारीला क्रमांक देतो. ई-०३८२ म्हणजे मालकी दिलेली वस्तु पुन्हां वापरली. ई-०४९९ म्हणजे फेरफारासाठीं एकच वस्तु एकाच वेळीं दोघांना दिली. ई-०५९७ म्हणजे उसनें घेणारा शिल्लक आहे पण मूळ वस्तूचें आयुष्य संपलें. या तक्रारी नवशिक्याला जाचक वाटतात. पण नीट पाहिलें तर ‘सी’मधील जुन्याच चुका येथें दिवसाउजेडीं, ओळ क्रमांकासह उभ्या केलेल्या असतात. मात्र रस्ट म्हणजे अभयपत्र नव्हे. ओळींतील क्रमांक सीमेबाहेर गेला तर बहुधा तें प्रोग्रॅम चालतांनाच कळतें, फक्त तो त्याच जागीं थांबतो. गळती पूर्णपणें अशक्य होत नाहीं. आणि ‘अनसेफ’ असा शेरा मारलेल्या भागांत सांभाळण्याचें काम पुन्हां लिहिणाऱ्याकडे येतें. तरीहि डिसेंबर २०२२ मध्यें लिनक्सच्या ६.१ आवृत्तींत रस्टला प्रवेश मिळाला, ही गोष्ट या विचाराचें वजन दाखविते.

‘सी’ टाकून सर्वांनीं रस्ट शिकावें असा याचा अर्थ नाहीं. ‘सी’मध्यें लिहिलेलें अफाट काम जगांत उभें आहे, आणि तें राखणारीं माणसें पुढेंहि लागतील. प्रत्येक जागेचा मालक कोण, ती किती वेळ टिकणार आणि तिचें माप किती, हे तीन प्रश्न रस्टचा कंपायलर सक्तीनें विचारतो. ‘सी’ लिहिणाऱ्यानें ते प्रत्येक पॉइंटरपाशीं स्वतःच विचारावयाचे असतात. कंपायलरची तक्रार येते त्या वेळीं दुरुस्तीचें मोल लिहिणाऱ्याचीं चार मिनिटें एवढेंच असतें. तीच चूक पुढें निसटली, तर तिचा दंड विमानतळावर रांगेंत ताटकळणाऱ्या, किंवा रुग्णालयाच्या खिडकीशीं उभ्या असलेल्या, आणि पॉइंटर हा शब्दहि कधीं न ऐकलेल्या माणसाला भरावा लागतो.